‘आवाज तर असतोच’: वॉरंटीचा निवाडा कोणी करायचा?

नवी मोटार घेणाऱ्या भारतीयाच्या हाती किल्लीबरोबर एक छोटी पुस्तिका पडते. ठरावीक वर्षांत किंवा ठरावीक किलोमीटरच्या आत साहित्याचा वा निर्मितीचा दोष आढळला, तर तो भाग विनामूल्य दुरुस्त केला जाईल अथवा बदलून दिला जाईल, असे कंपनीने तीत लिहून दिलेले असते. हे वचन आहे आणि ते कायद्याने पाळायला लावता येते. मात्र अनेक कंपन्यांच्या याच पुस्तिकेत, थोडे पुढे, दुसरेही एक वाक्य असते: वाहनाच्या कार्यावर परिणाम न करणारा किरकोळ आवाज, कंपन किंवा तेलाचा पाझर या हमीत येत नाही.

या दोन वाक्यांच्या मधे एक प्रश्न उरतो. ऐकू येणारा आवाज किरकोळ आहे की दोषाची खूण आहे, हे ठरवायचे कोणी? भारतात आज त्याचे उत्तर एकच आहे: ज्याने वचन दिले, त्यानेच. माझ्या मते आपल्या ग्राहकसंरक्षणाची खरी कमजोरी इथे आहे. ती समजून घ्यायला गिअरबॉक्ससारखे दुसरे उदाहरण नाही. इंजिन बंद पडले तर ते सर्वांना दिसते. गिअरबॉक्स बिघडू लागतो तेव्हा मोटार चालतच असते, फक्त आवाज करते.

चार फेऱ्या

लखनऊतील आमच्या घरची मोटार हाताने गिअर बदलण्याची, साधी आहे. वर्षभरात चौदा हजार किलोमीटर झाले असतील, तेव्हा गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना खालून घरघर ऐकू येऊ लागली. क्लच दाबला की ती थांबे. सोडला की पुन्हा सुरू होई. रस्त्याकडेच्या कोणत्याही अनुभवी मिस्त्रीला एवढ्या वर्णनावरून संशय कुठे घ्यायचा ते कळेल. क्लच दाबल्यावर गिअरबॉक्समध्ये शिरणारा इनपुट शाफ्ट इंजिनापासून सुटतो आणि थांबतो. त्याबरोबर आवाजही थांबत असेल तर पहिला संशयित त्या शाफ्टचे बेअरिंग. याउलट, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग पाहावे. एकाच गिअरमध्ये शीळ येत असेल तर त्या गिअरचे दाते तपासावेत. गिअर बदलताना करकर होत असेल तर सिंक्रोनायझरची कडी झिजली असण्याचा संभव अधिक.

इथे कंपन्यांची बाजूही सांगायला हवी. गिअरबॉक्समधले दाते एकमेकांत सतत गुंतलेले असतात आणि त्यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते. त्यामुळे इंजिन मंद चालू असताना काही गाड्यांत हलकी खडखड होते. ती निरुपद्रवी असते आणि गिअर ऑइलची श्रेणी वा तापमान बदलले की कमीजास्तही होते. प्रत्येक आवाज दोष मानला, तर कंपन्यांना चांगले गिअरबॉक्स उघडत बसावे लागेल. म्हणूनच निवाडा निःपक्ष हवा.

मला जे मिळाले त्याला निवाडा म्हणता येणार नाही. डीलरच्या वर्कशॉपमध्ये पहिल्या फेरीत सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर गाडी सुरू करून क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘‘सर, या मॉडेलमध्ये आवाज तर असतोच.’’ दुसऱ्या फेरीत गिअर ऑइल बदलले गेले. तिसऱ्या फेरीत दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि दोष आढळला नाही असे तोंडी सांगितले. जॉब कार्डवर ‘सर्वसाधारण तपासणी’ एवढेच होते. आवाजाचा शब्दही नव्हता. कागदापुरते बोलायचे तर तीन फेऱ्यांनंतरही माझी तक्रार जन्माला आलेली नव्हती.

चौथ्या फेरीला मी लेखी पत्र घेऊन गेलो. आवाज केव्हा येतो आणि केव्हा थांबतो हे माझ्याच शब्दांत जॉब कार्डवर लिहा, याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी माझ्या देखत तुलना करा, आणि आवाज सामान्य आहे असे मत असेल तर ते सहीनिशी द्या, एवढ्याच तीन मागण्या होत्या. पत्राची प्रत कंपनीच्या ग्राहक कक्षाला ईमेलने पाठवली. सामान्य असल्याचे लिहून द्यायला कोणी तयार झाले नाही. आठवड्याभरात कंपनीचा विभागीय अभियंता आला. त्याने शेजारी उभ्या केलेल्या दोन्ही गाड्या ऐकल्या आणि गिअरबॉक्स उतरवायला सांगितले. बेअरिंग खराब झालेले निघाले. गाडी नऊ दिवस वर्कशॉपमध्ये राहिली. बिल शून्य रुपयांचे आले.

याला कोणी यशाची गोष्ट म्हणेल. मला तसे वाटत नाही. माझ्यापाशी कामाच्या दिवशी चकरा मारण्याइतका वेळ होता, पत्र लिहिण्याची सवय होती आणि घरी दुसरे वाहन होते. कर्जावर गाडी घेऊन ती स्वतःच टॅक्सी म्हणून चालवणाऱ्याकडे यांपैकी काय असते? गाडी नऊ दिवस उभी म्हणजे नऊ दिवसांची कमाई बुडाली, आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला जाणार. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वाहन घेणाऱ्याला कायदा ग्राहक मानतो. पण चौथ्या फेरीपर्यंत टिकण्याची ताकद त्याला कायदा देत नाही. तो दुसऱ्याच फेरीत रेडिओचा आवाज वाढवतो आणि वॉरंटी संपेपर्यंत गाडी रेटतो. मग बिल त्याच्याच नावावर येते.

डीलर कोणाचा?

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर दुष्ट असतो म्हणून हे घडत नाही. व्यवस्थाच तशी रचलेली आहे. वॉरंटीच्या कामाचे पैसे डीलरला ग्राहकाकडून नव्हे, तर कंपनीकडून मिळतात. तेही कंपनीने ठरवलेल्या दराने, आणि दावा मंजूर झाला तरच. दावा फेटाळला तर मजुरीचा भुर्दंड डीलरवर. गिअरबॉक्स उतरवणे हे काही तासांचे काम. तेवढ्या वेळात तीच जागा आणि तेच कारागीर पैसे देणाऱ्या इतर गाड्यांच्या कामी येतात. ‘आवाज तर असतोच’ या वाक्याला मात्र काहीच खर्च येत नाही.

ग्राहकाला वाटते की आपण कंपनीच्या दारात उभे आहोत. कायदा नेहमी तसे मानत नाही. गोव्यातील एका खरेदीदाराला २०११ची म्हणून जुनी, २००९ची मोटार विकली गेल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कंपनी आणि डीलर यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असेल आणि कंपनीला गैरप्रकाराची माहिती असल्याचे सिद्ध होत नसेल, तर डीलरच्या कृत्याची जबाबदारी कंपनीवर टाकता येणार नाही, असे न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरवले. त्याआधी २००६ मध्ये याच न्यायालयाने म्हटले होते की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल, तर ग्राहकाला संपूर्ण वाहन बदलून मागता येत नाही. कराराच्या तर्काने दोन्ही निकाल समजण्यासारखे आहेत. पण त्यांचा व्यावहारिक अर्थ असा की सारे काही ‘सदोष भाग कोणता’ या निदानावर येऊन थांबते, आणि ते निदान डीलरच्या हाती असते.

बाहेरच्या मिस्त्रीचे मत घ्यावे, तर वॉरंटी जाण्याची भीती. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना खुल्या बाजारात मिळू न देणे, हा त्यांच्यावरचा मुख्य ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, त्या दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने सांगितले होते. प्रकरण पुढे अपिलांत गेले. मिस्त्रीने बोनेट उघडण्याआधी ग्राहकाच्या मनात येणारी धास्ती मात्र आजही तशीच आहे.

कायदा आहे, पण...

कायदा नाही, अशी तक्रार आपल्याला करता येणार नाही. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९च्या कायद्याने घेतली. ५० लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. आठ लाखांच्या मोटारीसाठी शुल्क फक्त २०० रुपये आहे. तक्रार घरबसल्या ऑनलाइन दाखल करता येते. चाचणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. पण आयोगांच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही विचारा, वर्षे जातात. तपासणीशिवाय सिद्ध न होणाऱ्या दोषासाठी वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूदही आहे. परंतु तिचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे असते, आणि मोटारीची गिअरबॉक्ससह तपासणी ही दुधाच्या नमुन्याच्या तपासणीसारखी सोपी गोष्ट नाही.

२०१९च्या कायद्यात उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले, तेव्हा त्याचे मोठे स्वागत झाले. पण त्यातील ‘हानी’ची व्याख्या वाचावी. खुद्द उत्पादनाला झालेली हानी तीतून वगळलेली आहे. म्हणजे गिअरबॉक्समुळे अपघात झाला तर ते प्रकरण कामाचे. केवळ गिअरबॉक्स बिघडला तर नाही. मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने सरकारला सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला, पण तोही पर्यावरणाला किंवा रस्त्यावरील माणसांना धोका पोचवणाऱ्या दोषांपुरता. घरघरणारे बेअरिंग या दोन्ही तरतुदींच्या मधून निसटते. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू केले. मोटारी त्यात समाविष्ट आहेत. परंतु पोर्टलवरून माहिती मिळते, हक्क मिळत नाही.

करता येण्याजोगे

इतर देशांनी हा प्रश्न अभियंत्यांच्या वादात न अडकता सोडवला. अमेरिकेत कनेटिकट राज्याने १९८२ मध्ये पहिला ‘लेमन लॉ’ केला. त्याचे सूत्र मोजण्याचे आहे: एकाच मोठ्या दोषासाठी चार प्रयत्न फसले किंवा गाडी एकूण ३० दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर कंपनीला दुसरी गाडी द्यावी लागते किंवा पैसे परत करावे लागतात. चीनमध्ये २०१३ पासून लागू असलेल्या नियमांत तर गिअरबॉक्सचा नावानिशी उल्लेख आहे. ठरावीक मुदतीत तो दोनदा बदलूनही गाडी नीट चालत नसेल, तर ग्राहक ती बदलून मागू शकतो वा परत करू शकतो.

आपल्याला एवढ्या लांब उडीने सुरुवात करण्याची गरज नाही. चार छोट्या गोष्टी नियमांनी करता येतील. पहिली, तक्रार ग्राहकाच्या शब्दांत जॉब कार्डवर नोंदवणे आणि त्याची प्रत देणे बंधनकारक करावे. दुसरी, ‘आवाज सामान्य आहे’ हे मत कारणांसह लेखी द्यावे. तिसरी, गाडी वर्कशॉपमध्ये जितके दिवस राहील तितके दिवस वॉरंटी आपोआप वाढावी. चौथी, प्रत्येक जिल्हा आयोगाकडे मोटार अभियंत्यांची तटस्थ यादी असावी आणि त्यांच्या तपासणीचा खर्च आधी कंपनीने करावा. तक्रार खोटी ठरली तर तो ग्राहकाकडून वसूल करावा. अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने देशभर आहेत, त्यामुळे तज्ज्ञांची वाण पडणार नाही.

तोवर ग्राहकाच्या हाती जे आहे ते त्याने वापरावे. आवाज कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, क्लच दाबून की सोडून येतो हे लिहून ठेवावे. फोनवर ध्वनिमुद्रण करावे. शब्द तपासल्याशिवाय जॉब कार्डवर सही करू नये. वॉरंटीची मुदत संपण्याआधी कंपनीला लेखी कळवावे. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि आयोगाकडे जाण्याची दोन वर्षांची मुदत चुकवू नये.

या नियमांनी मोटारउद्योग अडचणीत येईल, अशी ओरड होईल. तिचे उत्तर आपल्या निर्यातीत आहे. भारतात तयार झालेल्या कितीतरी मोटारी दक्षिण आफ्रिकेत विकल्या जातात. तिथला २००८चा ग्राहक कायदा सांगतो की सहा महिन्यांत वस्तू सदोष निघाली तर दुरुस्ती, बदली की पैसे परत, हे ग्राहकाने निवडायचे. आणि दुरुस्तीनंतर तीन महिन्यांत ती पुन्हा बिघडली तर बदली किंवा परतावा द्यावाच लागतो. त्या अटींवर आपल्या कारखान्यांतील गाड्या तिथे विकल्या जातात आणि धंदाही चालतो. डर्बनच्या ग्राहकाला जे द्यायला परवडते, ते धारवाडच्या किंवा धनबादच्या ग्राहकाला द्यायला का परवडू नये, याचे उत्तर उद्योगाने द्यावे. सरकारने ते मागावे.