लज्जेपायी दुसरा बळी नको

गावात एखादा तरुण मुलगा अकस्मात जातो. घरी माणसे जमतात. कारण विचारले की हलक्या आवाजात उत्तर मिळते, "हृदय बंद पडले." ते कशाने बंद पडले हे पुष्कळांना ठाऊक असते, पण कोणी बोलत नाही. तेराव्यानंतर ते दुःख त्या घराच्या चार भिंतींतच कोंडून राहते. त्या घराला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पुढच्या घरावर तोच प्रसंग येऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.

मादक द्रव्यांचा प्रश्न आपल्या बेटाला नवा नाही. १९८५ साली आम्स्टरडॅमच्या विमानतळावर आपले चार आमदार पकडले गेले, पुढे चौकशी आयोग बसला. २०१८ साली लाम शांग लीन आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. विष कोण आणतो, कोण विकतो, हे शोधलेच पाहिजे. परंतु मरतो कोण, केव्हा मरतो आणि कशाने वाचला असता, हेही तितक्याच कसोशीने विचारले पाहिजे.

याचे उत्तर मृत्यूच्या खऱ्या नोंदींतूनच मिळते. अमेरिकेत अ‍ॅन केस आणि अँगस डीटन या दोन अभ्यासकांनी २०१५ साली दाखवून दिले की तेथील मध्यमवयीन गोऱ्या लोकांचे मृत्युप्रमाण घटण्याऐवजी वाढत होते. मादक द्रव्ये, दारू आणि आत्महत्या ही त्याची मोठी कारणे होती. मृत्यूच्या दाखल्यांवर कारणे लिहिलेली होती, म्हणूनच हे कळू शकले.

अशाच नोंदींवरून आणखी एक गोष्ट उघड झाली. वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या जवळजवळ तेरा पट होता आणि त्यात अतिमात्रेचे बळी सर्वांत जास्त होते. कारण साधे आहे. काही महिने हेरॉइन बंद राहिले की शरीराची सवय मोडते. मग जुनीच मात्रा घेतली तरी श्वास थांबतो. म्हणजे मुलगा घरी परतला म्हणून आपण देवापुढे दिवा लावतो, तेच दिवस सर्वांत जपण्याचे असतात!

आता मेथाडोनविषयी. आपल्याकडे हा उपचार २००६ पासून आहे. "एक व्यसन सोडून दुसरे धरले," असे टोमणे मारून उपचार घेणाऱ्याला आपण खाली मान घालायला लावतो. पण २०१७ साली अनेक देशांतील एक लाखाहून अधिक रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला गेला. मेथाडोन चालू असताना वर्षाला दर हजारी सुमारे ११ मृत्यू, तर उपचार सुटल्यावर सुमारे ३६! उपचाराचे पहिले चार आठवडे आणि तो सुटल्यानंतरचे चार आठवडे विशेष जोखमीचे असतात, हेही त्यातून दिसले. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने चाललेला उपचार लोकलज्जेने सोडायला लावणे म्हणजे त्या मुलाला पुन्हा मृत्यूच्या दारात नेऊन उभे करणे होय.

वाचक बंधुभगिनींनो, आमचे सांगणे एवढेच. घरातील कोणी बेशुद्ध पडला, श्वास मंदावला, घशातून घरघर येऊ लागली, ओठ निळे पडले, तर "झोपू द्या" म्हणू नका. ११४ वर सामूला बोलवा, त्याला कुशीवर वळवा, एकटे सोडू नका. डॉक्टरांना काय घेतले ते खरे सांगा. आणि दुर्दैवाने मृत्यू ओढवलाच, तर कारण लपवू नका.

आपल्या बैठकांत आपण मुलांना भाषा आणि भजने शिकवतो. तेथेच महिन्यातून एकदा या विषयावर डॉक्टरांना बोलवावे, आणि ज्या आईचे मूल गेले तिला पहिल्या रांगेत मानाने बसवावे. अब्रू जपताना मुले गमावली, तर ती अब्रू कोणासाठी?