धनकोचे नाव

दिवाळीत पेढीवरची नवी वही उघडून, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखून आणि ‘श्री’ लिहून तिची पूजा करण्याचा जो प्रघात आपल्या व्यापारी समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यात केवळ लाभाची प्रार्थना नसते; कोणाकडून काय आले आणि कोणाचे काय देणे राहिले, हे नावानिशी लिहून ठेवण्याचा संकल्पही असतो. यंदाचा अंक वाचकांच्या हाती देताना या वहीचे स्मरण व्हावे, याचे निमित्त मात्र दूरदेशीचे आहे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘थँक्सगिव्हिंग’ हा सुगीचा सण होतो. कृतज्ञता हेच ज्याचे नाव, त्या सणाने आपल्या ऋणाचा हिशेब कसा मांडला, हे पाहणे आपणांसही उद्बोधक होईल.

१६२० सालच्या हिवाळ्याच्या तोंडावर ‘मेफ्लॉवर’ गलबतातून १०२ उतारू, कोणी धर्माचरणाच्या स्वातंत्र्यासाठी तर कोणी दैव अजमावण्यासाठी, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याला लागले. आणि त्या परमुलखात पहिले धान्य त्यांच्या हाती आले ते तेथील मूळ रहिवाशांनी जमिनीत पुरून ठेवलेल्या मक्याचे. ते त्यांनी न विचारता उचलले. पुढे त्याची भरपाई केली, असे वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने नमूद करून ठेवले आहे. वसंत उजाडेपर्यंत जवळजवळ निम्मी माणसे दगावली. उरलेल्यांना वाचवले ते टिस्क्वांटम नावाच्या एका माणसाने. १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकण्यासाठी नेले होते. तेथून सुटून लंडनमार्गे तो १६१९ साली मायदेशी परतला, तेव्हा पटक्सेट हे त्याचे गाव साथीच्या रोगाने निर्मनुष्य झालेले होते. त्याच उजाड गावठाणावर इंग्रजांनी प्लिमथ वसवले. आणि ज्याचे घरदार तेथे मातीस मिळाले होते त्यानेच, पारतंत्र्यात शिकलेल्या इंग्रजीत, त्या परक्यांना मक्याच्या आळ्यात मासळीचे खत घालावयास शिकवले. ब्रॅडफर्डला हा मनुष्य ईश्वराने पाठवलेले साधन वाटला. आमच्या मते हिशेबातील चूक येथेच झाली: माणसाने दिलेली रक्कम ईश्वराच्या खाती जमा धरली गेली.

१६२१ च्या शरदात पीक हाती आले, तेव्हा तेथील मूळ रहिवासी वाम्पानोआग यांचा अधिपती मॅसासॉइट आपली सुमारे नव्वद माणसे घेऊन आला आणि तीन दिवस भोजनसमारंभ चालला. एडवर्ड विन्स्लो याच्या त्या वर्षीच्या पत्रातील मोजक्या ओळींवरून इतके निश्चित कळते की, इंग्रजांनी चौघांना पाखरांच्या शिकारीस पाठवले आणि पाहुण्यांनी पाच हरणे मारून आणली. म्हणजे त्या मेजवानीतील मांसाचा मोठा वाटा अतिथींचाच होता. आज भोपळ्याच्या ‘पाय’ नावाच्या ज्या गोड पक्वान्नावाचून हा सण अपुरा वाटतो, तो त्या पंक्तीत असणे संभवत नाही. कारण त्यासाठी लागणारे गव्हाचे पीठ, लोणी आणि भट्टी यांची तेथे वानवा होती. बटाटा त्या प्रदेशात अद्याप पोहोचलेला नव्हता. भाजलेला टर्की पक्षी, आंबटगोड क्रॅनबेरी, रताळी आणि भोपळा असे आजचे ताट पुढच्या दोन शतकांत गृहिणींनी हळूहळू सजवले. १७९६ साली हार्टफर्ड येथे छापलेल्या अमेलिया सिमन्स हिच्या पाकपुस्तकात टर्कीसोबत क्रॅनबेरी वाढावयास सांगितलेली आढळते, आणि भोपळ्याच्या पक्वान्नाची कृतीही.

हा सण राष्ट्राचा झाला तो एका संपादिकेच्या लेखणीने, आणि हे सांगताना आम्हांस सव्यवसायी अभिमान वाटतो. पाच मुलांसह अकाली वैधव्य आलेली सारा जोसेफा हेल हिने आपल्या १८२७ सालच्या कादंबरीत या भोजनाचे सविस्तर वर्णन केले. पुढे ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाची धुरा वाहताना वर्षानुवर्षे संपादकीये लिहून आणि गव्हर्नरांपासून राष्ट्राध्यक्षांपर्यंत अर्ज धाडून, साऱ्या देशाने एकाच दिवशी हा सण करावा असा आग्रह धरला. अखेर यादवी युद्ध ऐन भरात असता, ३ ऑक्टोबर १८६३ रोजी, अब्राहम लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार त्यासाठी मुक्रर केला. सध्याचा चौथा गुरुवार १९४१ च्या कायद्याने ठरला. लिंकनच्या जाहीरनाम्यात पिकांबद्दल आणि आरोग्यदायी आकाशाबद्दल परमेश्वराचे आभार आहेत. वाम्पानोआगांचे नाव त्यात नाही.

आणि ते नाव का गळले, याचे उत्तर अप्रिय आहे. मॅसासॉइटने इंग्रजांशी केलेला तह त्याच्या हयातीत टिकला; परंतु जमिनीवरून वैर वाढत जाऊन १६७५ साली त्याचाच पुत्र मेटाकॉम इंग्रजांविरुद्ध उभा राहिला, पुढच्याच वर्षी मारला गेला, आणि त्याचे शिर प्लिमथच्या वेशीवर वीस वर्षांहून अधिक काळ टांगलेले राहिले. ज्यांच्या मक्यावर प्लिमथ जगले, त्यांच्या नातवंडांना कैद करून गुलाम म्हणून परमुलखी विकण्यात आले. १९७० साली, मेफ्लॉवरच्या आगमनाला ३५० वर्षे झाल्याच्या समारंभात बोलण्यासाठी वाम्पानोआगांपैकी वामसुटा फ्रँक जेम्स यांस पाचारण झाले. परंतु त्यांच्या भाषणातील कैफियत वाचून आयोजकांनी ते नाकारले. त्या वर्षापासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मूळ रहिवासी प्लिमथच्या टेकडीवर, मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी जमून शोकदिन पाळतात. एकाच दिवशी एका घरी आभार आणि दुसऱ्या घरी सुतक, अशी ही स्थिती आहे. आणि त्यामुळे तो सण टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही, तर त्याची वही पूर्ण लिहिली जावी असे म्हणतो.

कारण हे ऋण आपल्याही ताटात आहे. आपल्या चिवड्यातील मिरची आणि शेंगदाणा, फराळानंतर कापले जाणारे सीताफळ, घारग्यांचा तांबडा भोपळा, उपासाचे रताळे, गोमंतकाचा काजू, हे सर्व मूळचे अमेरिका खंडातील. तेथील कुळवाड्यांनी सहस्रावधी वर्षे निवडून, जोपासून सिद्ध केलेले. पोर्तुगीजांच्या गलबतांतून यांतील पुष्कळ वस्तू आपल्या किनाऱ्याला लागल्या, आणि आपण त्या इतक्या आपल्याशा केल्या की, देणाऱ्याची आठवणही उरली नाही. नव्या तांदळाचे पोहे खाऊन दिवाळीची पहाट साजरी करणारा आपला समाज अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतो, हे योग्यच आहे. परंतु ब्रह्माला नमस्कार केल्याने कुळवाड्याचे देणे फिटत नाही. ज्याने पेरले, ज्याने शिकवले, ज्याची जमीन गेली, त्याचे नाव वहीत असावे लागते.

वाचकहो, यंदा वही पुजाल तेव्हा ‘श्री’खालच्या पहिल्या ओळीत एका धनकोचे नाव लिहा.