जात छापली, निर्दोषत्व गाळले

आमच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा-मंगरुळपीर भागात फासेपारध्यांचे बेडे आहेत. कोठे घरफोडी झाली, बेड्यावरील दोघेतिघे पकडले गेले, की वर्तमानपत्रात मथळा येतो : ‘पारधी टोळी जेरबंद’. बातमीत जात असते; मात्र अटक केवळ संशयावरून झाली की काही पुरावा हाती लागला, हे नसते. पुढे तो माणूस निर्दोष सुटला, तर तेही नसते. पतसंस्थेच्या संचालकाने ठेवीदारांना बुडविले, तर त्याची जात कोणी छापत नाही. छापू नयेच. मग एकाला हा न्याय आणि दुसऱ्याला तो का?

१८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. आम्हांस वाटते, मथळ्यांतून तो अजून उठलेला नाही.

पोलिसांचे टिपण तसेच्या तसे उतरविणे म्हणजे बातमीदारी नव्हे. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका दरोड्यात पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातींतील सहा गरीब मजूर आरोपी ठरले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने छायाचित्रांवरून भलत्याच चौघांना ओळखले होते. हा तपशील तपासात दडपला गेला होता. सहा जणांची सोळा वर्षे तुरुंगात गेली. टिपणात जे गाळले जाते, ते टिपणच छापणारा वार्ताहर कोठून शोधणार?

कोणी म्हणेल, ‘मग जात कधीच लिहू नये काय?’ तसे नव्हे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांनी अनैतिक संबंधांचे कारण पुढे केले आणि जातीचा प्रश्न झाकला. जेथे जात हेच गुन्ह्याचे मूळ असल्याचा संशय होता, तेथे ती गाळली. जेथे तिचा काडीमात्र संबंध नसतो, तेथे ती मथळ्यात चढते. जातीचा अवमान होईल असा तिचा उल्लेख टाळावा, असे भारतीय वृत्तपत्र परिषदेचे संकेतही सांगतात.

आठवी आज्ञा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. अर्धवट बातमी चहाबरोबर वाचून ‘ते लोक तसेच’ असे आपण म्हणतो, तेव्हा ती आज्ञा आपणही मोडतो. त्याचे फळ बेड्यावरच्या शाळकरी पोराला वर्गात भोगावे लागते.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आमची विनंती आहे. अशी बातमी दिसली की संपादकांना पत्र लिहा आणि विचारा : आरोप सिद्ध झाला काय? जातीचा संबंध काय? आणि अटकेची बातमी ज्या पानावर छापली, त्याच पानावर सुटकेचीही छापाल ना?