उमेदवार ठेवावा कीं न ठेवावा?

वाचकांपैकीं कित्येकांच्या घरांत एखादा भाऊ वा पुतण्या नोकरीचा नाद सोडून लहानसा कारखाना काढून बसलेला असतो. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे असे कारखाने पुष्कळ आहेत. एका गाळ्यांत आठ-दहा माणसें, दोन-तीन प्रेस आणि पॉलिशचीं चाकें, एवढाच पसारा. अशा मालकानें शिकाऊ उमेदवार ठेवावा काय? (उमेदवार म्हणजे निवडणुकीचा नव्हे, पूर्वीं कचेरींत बिनपगारी काम शिकणारासही हाच शब्द होता.)

कायद्याची सक्ती त्याच्यावर नाहीं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील नियम २०१९ सालीं बदलले, त्यांप्रमाणें ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेस उमेदवार घेणें भाग आहे. ४ ते २९ माणसें असतील तर तें खुषीचें. तेव्हां हिशेब मालकानेंच करावयाचा.

तो हिशेब बहुतेक भलत्याच जागीं सुरू होतो. विद्यावेतन किती, हें प्रथम विचारतात. वास्तविक २०१६ सालीं निघालेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेंत त्याचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेंत, केंद्र सरकार सोसतें. खरा खर्च निराळाच. जुना मिस्त्री पोराला दाखवीत उभा राहिला, कीं तेवढा वेळ त्याचा प्रेस थंड. पत्र्याची ओढ न समजल्यामुळें कडेला सुरकुत्या पडल्या किंवा तळ फाटला, कीं तें पातेलें भंगारांत. शिवाय प्रेसखालीं बोट सांपडलें तर भरपाई कायद्यानें मालकाकडेच येते. आणि बोट कोणत्याही भरपाईनें परत येत नाहीं. नवशिक्याला प्रेसवर एकटा सोडणारा मालक उमेदवार ठेवण्यास लायक नाहीं, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

मग लाभ कोठें? भांडीं पुसणें, खोक्यांत भरणें हें पंधरा दिवसांत येणारें काम. त्यासाठीं करार करून कोणास उमेदवार म्हणणें ही स्वस्तांत हमाल मिळविण्याची युक्ति होय, व ती निंद्य आहे. परंतु डाय जुळविणें, यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखणें, हें हाताखालीं राहूनच येतें. असा मनुष्य तयार मिळाला तर तो बहुधा शेजारच्या गाळ्यांतून फोडलेला असतो, आणि उद्यां दुसरा त्याला फोडून नेतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडलच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हां तेथें कारागिरांचा बाजार कोठें भरत होता? आसपासच्या खेड्यांतील माणसें घडवूनच काम उभें राहिलें.

“शिकून पळून जाईल” हें भय खोटें नाहीं. शिक्षण पुरें झाल्यावर अमुक मुदत येथेंच काम करावें, अशी अट करारांत घालतां येते. मात्र ती घातल्यास नोकरी देण्यास मालकही बांधला जातो. मुदतीपुढें त्याला थांबविणें पगाराच्या हातीं.

ज्या कारखान्यांत पन्नाशी उलटलेला एकच मिस्त्री आहे, त्यानें याच वर्षीं एक उमेदवार घ्यावा, तीन नको. मिस्त्रीस शिकविण्याबद्दल दरमहा वेगळें कांहीं द्यावें, नाहींतर तो आपली विद्या मुठींतच ठेवील. आणि गादीवर बसून चलनें लिहिणारा घरचा पुतण्या असेल, तर त्यालाही सकाळचे दोन तास त्या उमेदवाराशेजारीं उभा करावा.