आतल्या दाराची कडी

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आता बेळगावात शोधून सापडायचा नाही. बँकेत ऐकलं असेल, रेशनच्या दुकानात ऐकलं असेल, उताऱ्यासाठी गेलात तर हमखास. गेली वीस वर्षं मी हे सर्व्हरच सांभाळते, त्यामुळं ते वाक्य कानावर पडलं की मलाच बोलल्यासारखं वाटतं. पुष्कळदा सर्व्हर डाऊन नसतोच. दोन सर्व्हर अगदी धडधाकट असतात, फक्त एकमेकांशी बोलायचे थांबलेले असतात. भाऊबंदकीच म्हणा ना!

2020 च्या ऑगस्टमधली गोष्ट. कर्नाटकात दहावीचा निकाल 10 तारखेला लागला होता आणि पीयूसीच्या प्रवेशाची धांदल चालू होती. गणपती दोन दिवसांवर आलेले. ओळखीच्या एका शिक्षण संस्थेचे अर्ज संगणकावरून भरायचे होते. तिथली सगळी मांडणी तीन वर्षांपूर्वी मीच करून दिली होती आणि आता माझा पुतण्या देखभालीला होता. सकाळी साडेनऊला त्याचा फोन.

“काकू, रात्री टॉमकॅट अपडेट केलो. सकाळपासून 503 येतंय बघा.”

अर्जाचा तो शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत. खानापूर तालुक्यातल्या गावांतून पालक पोरांना घेऊन आले होते. गावात रेंज नाही, म्हणून संस्थेतल्याच संगणकावर अर्ज भरायला. मला जाणं शक्य नव्हतं. शेजारी कोरोनाचा रुग्ण निघाल्यामुळं आमची गल्ली पत्रे ठोकून बंद केली होती. जे करायचं ते फोनवरूनच.

वाचकहो, मांडणी काय होती ते आधी सांगते, म्हणजे घोटाळा कळेल. संस्थेत दोन मशीन. पुढच्यावर अपाची, म्हणजे वेब सर्व्हर. आल्या-गेल्याचं तो बघतो. मागच्यावर टॉमकॅट, म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हर. अर्ज तपासायचा, गुण नोंदवायचे, साठवायचे, हे त्याचं काम. बाहेरच्या माणसाची आणि टॉमकॅटची गाठ पडत नाही. आमच्या घरात कसं, दारात आलेल्याशी मराठी आणि स्वयंपाकघरात सासूबाईंशी कन्नड, तसंच इथं. अपाची बाहेर एचटीटीपी बोलतो आणि आत टॉमकॅटशी एजेपी नावाच्या वेगळ्याच बोलीत बोलतो. त्या बोलीचं दार म्हणजे 8009 नंबरचं पोर्ट. 503 हा आकडा दारातल्या अपाचीचा निरोप असतो: मी आहे, पण आतून काम होईना.

पुतण्यानं तोवर दोन्ही मशीन सहा वेळा बंद-चालू केली होती. आमच्या धंद्यातलं हे अंगारा लावणं. अपाचीच्या बाजूला मॉड-जेके म्हणून एक दुवा असतो, त्याच्या नोंदवहीत त्याला वाक्य सापडलं होतं: मागच्याशी जोडणी होत नाही, टॉमकॅट बहुधा सुरू नाही किंवा चुकीच्या पोर्टवर ऐकतोय. त्यानं पहिला अर्धा भाग वाचला आणि टॉमकॅट पुन्हा सुरू केला. ‘बहुधा’ या शब्दाकडं लक्ष कोण देतो?

“मागच्या मशीनवर बसून 8080 उघड,” मी म्हटलं. उघडलं. म्हणजे टॉमकॅट जिवंत. “आता पुढच्या मशीनवरून 8009 ला टेलनेट मार.” लगेच उत्तर आलं, कनेक्शन रिफ्यूज्ड. हे ‘लगेच’ महत्त्वाचं. बराच वेळ काहीच न होता टाइमआउट आला असता, तर मी आधी फायरवॉलवर संशय घेतला असता, कारण तो सहसा हाक गिळून गप्प बसतो. तडक नकार आला म्हणजे हाक घरापर्यंत पोचली, पण त्या दाराशी कुणी बसलेलं नाही.

“कोण कुठं ऐकतंय ते मागच्या मशीनवर बघ.” एसएस नावाची आज्ञा देऊन त्यानं यादी वाचली. 8009 होतं की यादीत! फक्त त्याच्या पुढचा पत्ता होता 127.0.0.1, म्हणजे मशीनचा स्वतःचा स्वतःला. टॉमकॅट आपल्याच घरात कान लावून बसला होता. शेजारच्या मशीनची हाक त्याला ऐकू यायची नाही. पोर्ट बरोबर, पत्ता चूक.

हे अपडेटनं केलं होतं, आणि मुद्दाम केलं होतं. फेब्रुवारी 2020 मध्ये टॉमकॅटमधलं एक भगदाड उघडकीला आलं. घोस्टकॅट हे त्याचं नाव. एजेपीवरून बोलणारा आपल्या घरचाच, असं समजून टॉमकॅट त्याचं सगळं खरं मानायचा. पण 8009 ज्याला बाहेरून गाठता येईल असा कुणीही परका तीच बोली बोलून आतल्या फायली वाचू शकत होता, पासवर्ड ठेवलेल्यासुद्धा. आणि फायली चढवायची सोय असेल, तर चढवलेली फाइल चालवून घेण्यापर्यंत मजल जात होती. म्हणून 9.0.31 या आवृत्तीपासून दोन अटी आल्या. टॉमकॅट एजेपी फक्त आपल्या मशीनपुरतं ऐकणार, आणि ओळखीचा परवलीचा शब्द दोन्हीकडं सारखा पाहिजे. जुनी सेटिंग तशीच ठेवली तर तो सुरूच होत नाही. रात्री तसंच झालं होतं. पुतण्यानं शोधाशोध करून परवलीच्या शब्दाची अट काढून टाकली, टॉमकॅट सुरू झाला, पण दुसरी अट राहिली.

“मग काकू, पत्ता 0.0.0.0 करतो. सगळीकडून ऐकंल. दोन मिनिटांचं काम.”

होय, दोन मिनिटांचंच. अर्ज सुरू झाले असते आणि भगदाड पुन्हा होतं तसं झालं असतं. या अर्जांबरोबर पोरांचे फोटो आणि गुणपत्रिका चढवायच्या होत्या. शिवाय फायरवॉलमध्ये 8009 सगळ्या जगाला मोकळं होतं. ते कुणी ठेवलं, म्हणाल तर मीच. उभारणीच्या वेळी चाचणीपुरतं, दोन दिवसांसाठी. त्या दोन दिवसांची तीन वर्षं झाली होती. पुतण्याला हे सांगताना जीभ जड झाली.

तेवढ्यात प्राचार्यांनी फोन घेतला. “मॅडम, कडी-कुलूप उद्या बघू. माणसं उन्हात उभी आहेत हो. शेवटची बस चुकली तर त्यांनी जायचं कसं?” त्यांचं काही चुकत नव्हतं. मी अर्धा तास मागितला. ते ‘बरं’ म्हणाले, पण ते ‘बरं’ कसं होतं ते तुम्ही समजून घ्या.

मग क्रमानं घेतलं. टॉमकॅटला आतल्या जाळ्यातला पत्ता दिला. फायरवॉलमध्ये 8009 फक्त पुढच्या मशीनपुरतं ठेवलं. परवलीच्या शब्दाची अट परत घातली. शब्द मी कागदावर लिहून फोनवर सांगितला, त्यानं तो टॉमकॅटच्या फायलीत घातला आणि मॉड-जेकेच्या वर्कर्स फायलीत हेडक्लार्कना सांगून टाइप करून घेतला. दोन्ही सेवा पुन्हा सुरू.

“काकू, आता 403!”

तो रडवेला झाला होता, मी मात्र खुर्चीतून उठलेच. आता दाराशी कुणीतरी बसलं होतं आणि ‘ओळख पटत नाही’ म्हणून सांगत होतं. सासूबाई गणपतीच्या करंज्यांचं सारण भाजता भाजता डोकावल्या, “येनातु?” मी हातानंच थांबा म्हटलं.

दोन्ही फायली अक्षर न् अक्षर वाचून घेतल्या. पाचव्या जागी अडखळलो. आकडे वाचताना शून्याला ‘ओ’ म्हणायची मला सवय. पुतण्याला ती ठाऊक, त्यानं शून्य घातलं होतं. हेडक्लार्कनी इमानदारीत इंग्रजी ओ अक्षर टाइप केलं होतं. मागून त्यांचा आवाज आला, “ओ अंदरऽ सोन्नि येनरी?” होय हो, सोन्नीच. माझीच चूक.

बारा वाजून दहा मिनिटांनी पहिला अर्ज गेला. पाचपर्यंत सगळे झाले, मुदत वाढवावी लागली नाही. फोनवरून सांगितलेला परवलीचा शब्द त्याच रात्री बदलून घेतला. आणि तेव्हापासून, वाण्याच्या यादीतसुद्धा, मी शून्याच्या पोटात रेघ मारते.