शिलाई मशीन घरात आले. ते चालणार कसे?

शिलाई मशीनचा अर्ज ग्रामपंचायतीला नवा नाही. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीमार्फत मशीन देण्याला कित्येक वर्षे झाली. 2016 च्या अखेरीस राज्य शासनाने वस्तूऐवजी पैसे थेट खात्यात जमा करण्याचे धोरण घेतले, तेव्हापासून बऱ्याच योजनांत मशीन लाभार्थीने स्वतः पारखून विकत घ्यायचे असते. त्यात 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची भर पडली. या योजनेतल्या 18 पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे. म्हणजे मशीन मिळण्याचे दार पूर्वीपेक्षा जास्त उघडे आहे. प्रश्न पुढचा आहे. घरात आलेले मशीन चालते का?

गावोगाव फिरले की याचे उत्तर दिसते. कुठे मशीनवर गोधड्यांची चळत, कुठे टीव्ही. विचारले तर एकच उत्तर, 'सारखा दोरा तुटतो, बिघडलंय.' खरे तर बहुतेक वेळा काही बिघडलेले नसते. सुई उलटी बसलेली असते, नाहीतर पट्टा सैल झालेला असतो. नोझल तुंबले म्हणून फवारणी पंप अडगळीत टाकणारा शेतकरी आपल्याला माहीत आहे. हा त्यातलाच प्रकार.

अवजार कोणतेही असो, त्याला तीन गोष्टी लागतात. नीट जोडणी, सरावलेला हात आणि बारमाही काम. आपल्या योजना अवजारापाशी थांबतात. या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, हे पाहायला लांब जायला नको. आपल्याच वाडवडिलांनी जिथे घाम गाळला, त्या गिरणगावाकडे पाहावे.

लालबाग-परळचा धडा

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतून मुंबईला गेलेला माणूस परळ, लालबाग, दादर, गिरगाव इथल्या चाळींत राहिला आणि गिरणीत लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. वाइंडिंग आणि रीलिंग ही त्यांची खाती. पुढे यंत्रे बदलली, नियम बदलले आणि बायकांची भरती आटत गेली. घर चालवण्यासाठी त्यांना घरात बसून करता येईल असे काम शोधावे लागले. कुणी खाणावळ घातली, कुणी मसाला कुटला, कुणी शिवण धरली.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीर झालेच नाही. तो विरत गेला आणि हजारोंची नोकरी कायमची गेली. अनेकजण गावाकडे परतले. जे मुंबईत राहिले, त्यांच्या घरातली चूल पुष्कळदा बाईच्या कष्टावर पेटली. दहा बाय बाराच्या खोलीत खिडकीशी मांडलेले पायडलचे मशीन हा त्या कष्टाचा एक भाग होता. ब्लाऊज, परकर, फॉल-बिडिंग, उश्यांचे अभ्रे, असे नगावर पैसे मिळणारे काम त्यावर निघे.

त्यात सुख होते असे मात्र कोणी समजू नये. नगाचा दर व्यापारी ठरवी. पाठ आणि डोळे बाईचे जात. तरीही मशीन चालत राही, कारण वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर होत्या. काम जवळ होते. दादर-परळच्या सीमेवर हिंदमाताचा कापडबाजार आणि गिरगावाला लागून काळबादेवीत मूळजी जेठा मार्केट. शिकवणारी बाई त्याच मजल्यावर भेटे. आणि पट्टा, चाक, तेल यांची जाण असलेली माणसे चाळीत होतीच. आयुष्य गिरणीत साच्यावर काढलेल्या माणसाला शिलाई मशीनचे कसले कोडे?

याच भागात 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना गटाच्या जोरावर बँकेचे कर्ज मिळू लागले, सावकाराचा विळखा सैल झाला. हे काम स्वयंपाकाचे, पण शिकवण शिवणालाही लागू आहे. अवजार एकटीचे चालेल. पण काम मिळवायला आणि दर ठरवायला गट लागतो.

आपल्या गावात मशीन येते. शिकवणारी, दुरुस्त करणारा आणि काम देणारा मागेच राहतात. म्हणून जोडणीची माहिती घरातच असली पाहिजे.

जोडणी : घाई नको

मशीन आणल्या दिवशीच शिवायला बसू नये. जागा सपाट हवी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मशीन ठेवायचे तर चारही पायांखाली फरशीचे तुकडे द्यावेत. मशीन डुगडुगले की टाका वाकडा पडतो. उजेड डाव्या हाताकडून यावा, म्हणजे सुईपाशी हाताची सावली पडत नाही.

पट्टा चाकावर चढवून बोटाने दाबून पाहावा. थोडा दबला पाहिजे, लोंबता कामा नये. फार घट्ट असेल तर पायडल जड जाते, सैल असेल तर चाक घसरते. चामड्याचा पट्टा काही दिवसांनी ताणतो. तेव्हा थोडासा कापून तारेची कडी पुन्हा बसवावी. नवा पट्टा घ्यायची गरज नसते.

तेल शिलाई मशीनचेच वापरावे. घरात आहे म्हणून खोबरेल किंवा गोडेतेल घालू नये. ते काही दिवसांत चिकट होते आणि मशीन जखडते. प्रत्येक छिद्रात एकेक थेंब पुरे. तेल दिल्यावर दोरा न ओवता मशीन थोडे चालवावे, मग जुन्या चिंधीवर चार टाके मारून जादा तेल टिपावे. रोज काम असेल तर तेलही रोज थोडे. कोकणपट्टीत पावसाळ्यात मशीन झाकून ठेवावे आणि बंद असले तरी आठवड्यातून एकदा फिरवावे, नाहीतर गंज धरतो.

सुई, दोरा, बॉबिन

निम्म्या तक्रारी सुईपाशी संपतात. सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते आणि तिच्या विरुद्ध अंगाला लांब खोबण असते. सपाट बाजू शटलकडे आणि खोबण शटलच्या उलट बाजूला ठेवून सुई वरपर्यंत सारावी, मग स्क्रू आवळावा. दोरा खोबणीच्या बाजूनेच ओवायचा. साध्या सुती कापडाला 14 नंबरची सुई, पातळ कापडाला 11, गणवेशाच्या पँटसारख्या जाड कापडाला 16. वाकडी किंवा बोथट सुई दोरा तोडते आणि कापडही फाडते. सुईचे मोल काही रुपये, कापडाचे शेकड्यात. तेव्हा सुई बदलायला कंजुषी नको.

दोरा ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला असावा. पाय खाली असेल तर ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसत नाही आणि कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचा गुंता होतो. खाली गुंता दिसला की लोक बॉबिन खोलतात. वास्तविक दोष वरच्या दोऱ्याचा असतो. आधी वरचा दोरा पुन्हा ओवून पाहावा. त्याने भागले नाही तर वरचा ताण किंचित वाढवावा. उलट वरच्या अंगाला खालचा दोरा ओढून आलेला दिसला तर वरचा ताण कमी करावा. बॉबिन केसचा बारीक स्क्रू अगदी शेवटी आणि पाव फेऱ्याहून जास्त नाही. नेहमीच्या शिवणीला इंचाला 10 ते 12 टाके बरे.

चालवण्याचा सराव

चाकाचा वरचा भाग आपल्याकडे यावा, तीच मशीनची सुलटी दिशा. नवशिक्याचे पाय चाक उलटे फिरवतात आणि दोरा तुटतो. म्हणून पहिले दोन दिवस कापडच घेऊ नये. कापड दाबणारा पाय वर करून, दोरा न ओवता, नुसते पायडल मारावे आणि चाक हव्या त्या जागी थांबवायला शिकावे. मग वहीच्या रेघांच्या कागदावर बिनदोऱ्याची सुई चालवावी. भोके रेघेवर पडू लागली की हात बसला. या सरावाची सुई मात्र कापडाला लावू नये.

कापड ओढू नये, ते खालच्या दातेरी पट्टीला सरकवू द्यावे. ओढले की सुई वाकते. मोटर बसवायची असेल तर तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग बघून घ्यावे. ओल्या पायांनी मशीनवर बसू नये. पण जिथे भारनियमनाचा त्रास आहे, तिथे पायडलही राहू द्यावे. वीज गेली तरी काम थांबत नाही.

महात्मा गांधी यंत्रांविषयी किती कडक बोलत हे सर्वांना ठाऊक आहे. पण 1924 साली झालेल्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनचा आवर्जून अपवाद केला. माणसाला बाजूला न सारता त्याचे श्रम हलके करणारे यंत्र त्यांना मान्य होते. गावासाठी हीच कसोटी आजही पुरेशी आहे.

काम गावातच आहे

आता तिसरी गोष्ट, काम. 2024-25 साली राज्यात शालेय गणवेशाचे कापड एकत्रित घेऊन शिलाई महिला बचत गटांकडून करण्याचा प्रयोग झाला. हेतू चांगला होता. पण ऑगस्ट उलटला तरी अनेक शाळांत गणवेश पोचले नाहीत, आले त्यांतले काही मापात बसेनात. अखेर डिसेंबर 2024 मध्ये शासनाने 2025-26 पासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे देण्याचा निर्णय घेतला.

यातून बायकांना काम जमत नाही, असा अर्थ काढणे चूक ठरेल. वरून आलेले कापड, वरून आलेली मापे आणि तोंडावर आलेली शाळा, यात कसलेला शिंपीही अडकला असता. समितीकडे निर्णय आला म्हणजे माप घेणारी बाई आणि माप देणारे मूल एकाच गावात आले. समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांना विद्यार्थ्यामागे 600 रुपये धरलेले आहेत. गावच्या शाळेत 60 मुले असतील तर ही रक्कम 36,000 रुपये होते. हा पैसा तयार गणवेशांच्या दुकानात जातो की कापडापुरता बाहेर जाऊन शिलाई गावात राहते, हा निर्णय समितीत बसलेल्या पालकांचा आहे. हिंदमाता किंवा काळबादेवीला कापडाचा ठोक भाव काढायला गावचा कोणी ना कोणी मुंबईत असतोच. मात्र काम एप्रिलमध्ये ठरवावे, जूनमध्ये नाही. आणि गटाने आधी नमुन्याचा एक गणवेश शिवून दाखवावा. समितीने तो पाहावा, धुऊन पाहावा, मगच काम द्यावे. बियाण्याची उगवण तपासल्याशिवाय आपण पेरणी करत नाही, तसेच हे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

विश्वकर्मा योजनेत अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत स्तरावर होते, म्हणून सरपंचांची जबाबदारी मोठी आहे. योजनेत मूलभूत प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि पुढे 5 टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात 1 लाख, दुसऱ्यात 2 लाखांपर्यंत कर्ज अशी रचना आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि सरकारी नोकराच्या कुटुंबाला मिळत नाही. शिफारस करताना जी खरोखर शिवते तिचा अर्ज पुढे जाऊ द्यावा. नुसते व्हाउचर मिळते म्हणून भरलेला अर्ज खऱ्या शिंप्याचा नंबर मागे ढकलतो.

'पंतप्रधान मोफत शिलाई मशीन' अशा नावाने मोबाईलवर संदेश फिरतात. असे संदेश खोटे असल्याचे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने वेळोवेळी जाहीर केले आहे. अशा दुव्यावर आधार क्रमांक वा पैसे देऊ नयेत, हे ग्रामसभेत स्पष्ट सांगावे.

शिकण्यासाठी जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत महिलांचा शिवणाचा सुमारे महिनाभराचा मोफत वर्ग असतो. त्याची तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला 10 टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून महिन्याला एक दुरुस्ती दिवस आणि पट्टे, सुया, बॉबिन, तेल, स्क्रू-ड्रायव्हर यांची एक पेटी करता येईल का, हे पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांना विचारून ठराव घ्यावा. गावातली एक हुशार मुलगी दुरुस्ती शिकली तरी आजूबाजूच्या वाड्यांचे काम भागेल.

आणखी एक गोष्ट. मशीन किती वाटली, हा आकडा प्रत्येक अहवालात असतो. वाटपानंतर वर्षाने किती चालू आहेत, हा रकाना ग्रामपंचायतीने आपल्या नोंदवहीत स्वतःच आखावा. बंद मशीनपुढे कारण लिहावे : पट्टा, सुई, शिक्षण की काम. चार-सहा महिन्यांत कळेल की बहुतेक कारणे गावातच सुटणारी आहेत. गिरणगावातल्या बायकांवर ही वेळ संपाने आणली होती. आपल्याकडे वेळही आहे आणि योजनाही. तेवढा मशीनवरचा टीव्ही खाली उतरवायचा आहे.