नदीकाठचे घर घेताना

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांत संकेश्वर हे नाव बहुधा मसाल्याच्या डब्यातून पोचलेले असते. संकेश्वरी मिरची ठाऊक नाही असे मराठी स्वयंपाकघर विरळाच. अलीकडे मात्र इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर अशा ठिकाणांहून येणाऱ्या पत्रांतून आमच्या गावाची विचारपूस निराळ्या कारणाने होऊ लागली आहे. सेवानिवृत्ती जवळ आली आहे, मुले आपापल्या वाटांनी दूर गेली आहेत. तेव्हा तुमच्या भागात, नदीच्या काठी, एखाद्या शांत खेड्यात जुने कौलारू घर विकत मिळेल काय, असा त्या पत्रांचा आशय असतो. या इच्छेत गैर काहीच नाही. परंतु आयुष्यभराची पुंजी ज्यात घालावयाची, त्या घराविषयी चार गोष्टी आधीच मोकळेपणाने सांगितलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट नदीची. आमची हिरण्यकेशी आंबोलीजवळ सह्याद्रीत उगम पावते. आजरा, गडहिंग्लज करीत ती संकेश्वरास येते आणि पुढे घटप्रभेला मिळून कृष्णेच्या वाटेला लागते. आंबोली येथून रस्त्याने सुमारे ७० किलोमीटर दूर. महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते. आमच्याकडे पडतो तो पाऊस त्या मानाने अगदीच थोडा. याचा परिणाम असा, की संकेश्वरात ऊन पडलेले असतानाही नदीचे पाणी चढत असते. घरावरचे आभाळ पाहून ज्याला नदीचा अंदाज बांधावयाचा आहे, तो हमखास फसतो. येथील जुनी माणसे आपल्या अंगणातल्या पावसापेक्षा वर घाटात किती कोसळतो आहे, याचीच चौकशी आधी करतात.

शहरातले पाहुणे घर पाहावयास येतात ते बहुधा पौष-माघात. त्या दिवसांत नदी घाटाच्या पायऱ्यांखाली शहाण्या मुलीसारखी निमूट वाहत असते, पलीकडे उसाचे मळे हिरवेगार दिसतात आणि मन विरघळते. माझा आग्रह असा, की इसार देण्यापूर्वी तेच घर एकदा आषाढाच्या अखेरीस किंवा श्रावणात पाहावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये हिरण्यकेशीने काठच्या वस्तीत पाणी घातले. त्या पाण्याची खूण भिंतीवर कोठवर होती, हे शेजाऱ्यास विचारावे. कारण विकावयाच्या घराला नवा रंग दिलेला असतो, आणि रंगाखाली खूण दिसत नाही. तरी भिंतीच्या तळाशी लोणा लागून गिलावा फुगला असेल, तर तो पुष्कळ काही सांगून जातो.

आपल्या पूर्वजांनी गावाची ‘पांढरी’ आणि ‘काळी’ अशी वाटणी केली, तीत मोठा व्यवहार होता. घरे पांढरीत, म्हणजे शक्यतो उंचवट्यावरच्या घट्ट जमिनीवर, पिके काळीत. नदीच्या मळीचा कस शेताला लाभावा आणि तिच्या पुराचा उपद्रव चुलीला होऊ नये, हा त्यातला हेतू. आज ‘नदीदर्शन’ म्हणून जे प्लॉट दाखविले जातात ते पुष्कळदा काळीत पाडलेले असतात. ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि पाया उथळ असेल तर भिंतींना तडे देते. नदी दिसणारे घर आणि नदीपासून सुरक्षित असलेले घर यांत निवड करावी लागली, तर दुसरे घ्यावे. नदीवर फिरावयास जाता येते. नदी घरी आली की तिला जा म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट वाटेची. निलजी, ऐनापूर, नांगनूर येथील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे मोठ्या पावसात पाण्याखाली जातात आणि त्यांवरून होणारी वाहतूक बंद पडते. आठ महिने दहा मिनिटांवर असलेला दवाखाना मग दूरचा वळसा घालून गाठावा लागतो. साठीच्या पुढच्या माणसाने घराचा दर विचारण्याआधी, बंधारा बुडाल्यावर कोणता रस्ता उघडा राहतो, हे विचारावे. शांततेविषयीही गैरसमज नसावा. येथे हिरण्यकेशी सहकारी साखर कारखाना आहे. उसाचा हंगाम सुरू झाला, की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्री-अपरात्री गाणी वाजवीत जातात. आम्हांला त्याची सवय आहे, आणि त्या आवाजावर आमच्या पुष्कळ घरांचे वर्ष निघते.

तिसरी गोष्ट कायद्याची. या खोऱ्यात चार-सहा मैलांत राज्य बदलते आणि राज्याबरोबर नियम बदलतात. महाराष्ट्रात, म्हणजे गडहिंग्लजच्या बाजूला, जो शेतकरी नाही त्याला सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकात १९६१ च्या जमीन सुधारणा कायद्यातील तशी बंधने २०२० च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. परंतु शेतजमीन घेता येणे निराळे आणि तीवर घर बांधता येणे निराळे. त्यासाठी जमीन रीतसर बिनशेती करून घ्यावीच लागते. शिवाय हा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुनी खरेदीखते व वाटणीपत्रे मराठीत, काही तर मोडीत आढळतात, आणि अलीकडचे उतारे कानडीत असतात. दोन्ही वाचून घ्यावेत. कानडी दस्त भरवशाच्या माणसाकडून ओळीने मोठ्याने वाचवून घेण्यात संकोच कसला? सर्व्हे नंबर, चतुःसीमा, बोजा आणि फेरफार या चार ठिकाणी तरी बोट ठेवून अर्थ विचारावा.

चौथी गोष्ट वारसांची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. जुने घर सहसा एकाचे नसते. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. वडील त्या वेळी हयात असणे आवश्यक नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही आमच्याकडे विक्रीची बोलणी भावाभावांतच होतात. “बहिणींचे काय, त्या आपल्या घरी सुखी आहेत,” असे म्हणून विषय मिटविला जातो.

काही वर्षांपूर्वी उत्तरेकडे रेल्वेत नोकरी केलेल्या एका मराठी दांपत्याने आमच्या जवळच्या एका खेड्यात असे घर घेतले. तिघा भावांच्या सह्या होत्या, रक्कम पोचली होती, वास्तुशांतही झाली. पंचमीच्या आदल्या दिवशी एक प्रौढ बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्या भावांची ही बहीण. घर विकल्याचे तिला कोणी कळविलेच नव्हते. नवे मालक घाबरले. आता ही दावा लावणार, असे त्यांस वाटले. दावा लावण्याचा तिला हक्क होता, आणि तो लागला असता तर त्या दोघांची उरलेली वर्षे कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली असती. मालकीणबाईंनी तिला आत बोलाविले, “ताई, आधी बसा, मग बोलू,” म्हणून चहा दिला. बराच वेळ ती नुसती माजघर पाहत राहिली. मग बोलता बोलता तिने सांगितले, की लहानपणी परसातल्या दगडी डोणीला पाणी लागले की आई धान्याची पोती माडीवर चढवावयास घेई. डोण बुडाली की माणसांनी गुरे सोडून देवळाकडे निघावयाचे. भावांनी घर विकताना यातले एक अक्षर सांगितले नव्हते.

पुढे वकिलांच्या सल्ल्याने तिने संमतीचा दस्त नोंदवून दिला. तिच्या वाट्याचे पैसे भावांनी, थोडी कुरकुर करून का होईना, दिले. दर पंचमीला ती आजही त्या घरी येते. ती दोघे तिला माहेरवाशीण मानतात, आणि डोणीकडे लक्ष ठेवतात.

प्रत्येक ठिकाणी असे गोड घडेल, याची हमी कोणी देऊ नये. म्हणून घर पसंत पडताच विक्री करणाऱ्याच्या आजोबांपासूनची वंशावळ मागावी, प्रत्येक बहिणीचे नाव-गाव विचारावे, आणि शक्य तर त्यांना स्वतः भेटावे. सही तर हवीच. परंतु त्या घरात वाढलेल्या लेकींना घराच्या खोडी ठाऊक असतात. कोणती भिंत ओल धरते, विहिरीचे पाणी केव्हा आटते, कोणत्या शेजाऱ्याशी बांधाचा वाद आहे, हे दलाल सांगणार नाही, त्या सांगतील.

शेवटी एवढेच. घर घेऊन त्याला कुलूप लावावयाचे असेल, तर ते न घेतलेलेच बरे. कौलारू घर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारावे लागते. बंद घरात वाळवी लागते, आढे खचते, आणि एक-दोन अशी घरे गल्लीत झाली की सांजेला तेथे दिवा दिसेनासा होतो. खेड्यांतून माणसे आधीच कमी होत चालली आहेत. तुम्ही वर्षातले सहा महिने जरी राहणार असाल, ग्रंथालयाला चार पुस्तके देणार असाल, शाळेतल्या मुलांना संध्याकाळी गणित सांगणार असाल, तर या नदीकाठी तुमचे स्वागतच होईल. मात्र यावयाचे ते श्रावणात या. छत्री आणा, आणि घर पाहण्याआधी नदी पाहा.